बुचावरचा ठ

विसाव्या नळीचा निकाल तिने तिसऱ्यांदा छापला आणि कागद टेबलावर उपडा घातला. उपडा घातल्याने आकडे बदलणार नव्हते, पण निदान डोळ्यांसमोरून गेले.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मान लांबवून पडद्यावरचा आलेख पाहिलाच. तो नुसता हसला. दोन वर्षांपूर्वी तिच्या हातून बारा आणि तेरा नंबरच्या नळ्यांची अदलाबदल झाली होती. तेव्हापासून अख्खी प्रयोगशाळा तिला ‘बारातेरा’ म्हणत असे. माणूस रोज वेळेवर येतो, सगळं नीट करतो, त्याचं नाव कोणी ठेवत नाही. एकदा चुकला की लगेच बारसं.

काम तसं समजायला सोपं होतं. वीस निरोगी माणसांचं रक्त आणि वीस सेप्सिसच्या रुग्णांचं. जंतू रक्तापर्यंत पोचले की शरीराची फौज कधी कधी अशी चवताळते, की शत्रूबरोबर स्वतःच्या घराचीही मोडतोड करते. त्या धुमाळीत पांढऱ्या पेशींमधली काही जनुकं एकदम जागी होतात, काही गप्प बसतात. माणूस अजून हिंडता-फिरता असतानाच ही हालचाल पकडता येईल का, ते पाहायचं होतं. निरोगी माणसाच्या आलेखातले खांब बुटके, एका रांगेत. विसावी नळी निरोगी माणसाची होती आणि तिचे खांब थेट अतिदक्षता विभागातल्या रुग्णासारखे उसळले होते.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई आल्या, त्यांनी कागद पाहिला, चष्मा काढून पुसला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे नोंदवहीत ‘नमुन्यांची अदलाबदल’ असं लिहिलं, आणि या आठवड्यात तू नळ्यांना हात लावू नकोस, बाकीचं काम बघ, असं सांगून त्या आत गेल्या.

तिने हात लावला. बाईंची पाठ वळताच तिने फ्रिज उघडला आणि वीस नंबरची मूळ नळी बाहेर काढली. चिठ्ठीवर नुसता आकडा होता, आणि चिठ्ठ्या तर तिनेच चिकटवलेल्या. त्यांच्यावर आता तिचा स्वतःचाही भरवसा नव्हता. मग तिने नळी उभी धरून वरून पाहिलं. जांभळ्या बुचावर काळ्या शाईत, तिच्याच अक्षरात, एक बारीक ‘ठ’ होता.

काल सकाळी रक्त द्यायला आलेल्या लिफ्टवाल्या काकांनी हट्टाने लिहून घेतलेला. अर्जावर ‘निरोगी’ छापलेलं पाहून त्यांनी नाक मुरडलं होतं. निरोगी कुणीही असतं, मी ठणठणीत आहे, तसं लिही, म्हणाले. एवढ्याशा बुचावर ठणठणीत मावणार कुठे? मग ‘ठ’वर तडजोड झाली होती.

म्हणजे नळी बदलली नव्हती. तिला आनंद झाला, अगदी उडी मारावीशी वाटण्याइतका. तो आनंद जेमतेम दोन श्वास टिकला. नळी बरोबर असेल, तर हे खांब काकांचे होते. चूक आपलीच असायला हवी होती, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

टेबलावरचा कागद उचलून ती बाहेर धावली आणि तिने लिफ्टचं बटण दाबून धरलं. लिफ्ट जुनी, दांड्यावर चालणारी. काका ती मजल्याला अशी लावत, की औषधांच्या गाडीवरची बाटलीसुद्धा खडखडत नसे. आज ती चार बोटं वरच थांबली. जाळीचं दार सरकलं. काका स्टुलावर बसले होते. कामाच्या वेळी ते कधीच बसत नसत.

तिने विचारलं, बरं नाही का. ते म्हणाले, “मला काय धाड भरलीय?” आणि दांड्याकडे हात नेला. दांडा एकदा हुकला, मग सापडला.

समजावून ऐकणारा हा माणूस नव्हे, हे तिला माहीत होतं. आपण जन्मात गोळी घेतली नाही, ही त्यांची प्रत्येक मजल्यावर सांगायची गोष्ट होती. म्हणून तिने दुसरीकडून सुरुवात केली.

“काका, मी नळ्या बदलल्या असं सगळे म्हणतायत. खाली चला आणि परत एक नळी द्या. नाहीतर माझं काही खरं नाही.”

ते उठले. उठताना भिंतीला धरून उठले. तळमजल्यावर तिने त्यांना रक्त घेण्याच्या खोलीत नेलंच नाही, सरळ तातडीच्या विभागात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने तिच्या हातातला कागद पाहिला आणि म्हणाला, ही चाचणी अजून सिद्ध व्हायची आहे, हिच्यावरून मी उपचार कसे करू. बोलता बोलता त्याने काकांची नाडी धरली. मग रक्तदाब मोजला, पँटचा पाय वर केला. नडगीवर लिफ्टच्या जाळीने ओरखडलेली जुनी जखम होती, आणि तिच्यापासून गुडघ्यापर्यंत कातडी लालभडक, तापलेली. डॉक्टरचं बोलणं तिथेच थांबलं. तासाभरात पहिलं इंजेक्शन गेलं, सलाईन लागलं. ती दाराबाहेरच्या बाकावर बसून होती. चिमटीत ती नळी अजून तशीच होती, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

दोन दिवस काही सांगता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी रक्तदाब सावरला. पाचव्या दिवशी सकाळी ती वॉर्डात गेली, तर काका उशीला टेकून बदली लिफ्टवाल्याच्या नावाने खडे फोडत होते. मेला काय दणका देतो, इथे पलंगावर कळतं, म्हणाले. तिला एकदम इतकं हलकं वाटलं, की तिने शेजारच्या पलंगाचा कठडा धरला. गेले चार दिवस आपण पोटभर श्वासही घेतला नव्हता, असं तिला वाटलं.

बाईंनी नोंदवहीतली ती ओळ खोडून ‘नमुना योग्य, देणाऱ्याला संसर्ग’ असं लिहिलं होतं आणि खाली स्वतःची सही केली होती. हे तिने काकांना सांगितलं. मग जे विचारायला आली होती ते विचारलं. अर्जावर प्रश्न होता, दोन दिवसांत ताप, थंडी? त्यांनी ‘नाही’वर खूण केली होती.

काकांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

“आदल्या संध्याकाळी हुडहुडी भरली होती.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुला एक माणूस कमी पडत होता ना. चार दिवस लिफ्टमध्ये तेच रडगाणं. म्हटलं, पोरीचं अडायला नको.”

तिने रागवायला तोंड उघडलं. खोटं सांगून त्यांनी तिची अख्खी चाचणी बिघडवली होती. आणि ते खरं बोलले असते, तर तिने नियमाप्रमाणे त्यांना परत पाठवलं असतं आणि ते जाऊन लिफ्टमध्ये उभे राहिले असते. ती त्यांच्या पायाशी पलंगावर बसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. काकांनी गडबडीने बदली लिफ्टवाल्याला पुन्हा दोनचार शिव्या हासडल्या.

महिन्याभराने काका प्रयोगशाळेत आले. आता त्यांच्या नळीची जागा नव्या, तिसऱ्या ट्रेमध्ये होती, ‘बरे झालेले’. आजाऱ्यांच्या इतक्या जवळचा ट्रे त्यांना मुळीच पसंत पडला नाही. तरी त्यांनी बाही वर केली, मूठ आवळली आणि बुचावर काय लिहायचं ते माहीत आहे ना, असं विचारलं.

तिने पेन बाजूला ठेवलं आणि थर्मामीटर पुढे केला.

“विश्वास नाही होय माझ्यावर?”

“नाही,” ती म्हणाली.

शेजारच्या टेबलावरून हसू आलं. काका थर्मामीटर काखेत धरून, छताकडे बघत, शहाण्यासारखे बसून राहिले. थर्मामीटर वाजला. तिने आकडा पाहिला, पुन्हा एकदा पाहिला, आणि पेनचं टोपण काढून बुचावर सावकाश, नेहमीपेक्षा जरा मोठाच, ‘ठ’ काढला.