माझ्या कड्यावरून परतलेली हाक

मी बोलतोय, या उद्यानातला सगळ्यांत उंच डोंगरमाथा. सहलीला येणारे धापा टाकत माझ्यावर चढतात, माझ्याकडे पाठ करून फोटो काढतात आणि 'डोंगर सर केला' म्हणत उतरतात. म्हणोत बापडे!

माझा स्वभाव मात्र त्यांना ठाऊक नाही. पूर्वेला मी मऊ आहे. गवताचा उतार आणि खाली खिंड. पश्चिमेला सरळ तुटलेला कडा, ओंजळीसारखा आत वळलेला. दोन्हींच्या मधून दक्षिणेला एक जाडजूड सोंड उतरते. कड्याला आवाज पचत नाही. आला तसा तो परत टाकतो.

वणवा लागला तर लांबून दिसावा म्हणून माझ्यावर एक चौकी आहे. तिथल्या पहारेकऱ्याची बायको दुपारी डबा घेऊन खिंडीपर्यंत यायची आणि हाक मारायची, "अहो, या खाली!" धुकं असलं की तो वाट शोधायचाच नाही. हाकेच्या रोखाने सरळ चालत सुटायचा.

"पायाखाली बघत जा की जरा!" ती रागवायची.

"तुझा आवाज असताना बघायचं कशाला?"

मला त्या दोघांची सवय लागली होती.

एका दुपारी धुकं इतकं दाटलं की तिचा जीव खालीवर होऊ लागला. खिंडीतून आज आवाज पोचायचा नाही असं वाटून ती सोंडेला वळसा घालून पलीकडे, कड्याच्या बाजूला आली आणि जीव तोडून ओरडली. तिच्या आणि चौकीच्या मधे आता सोंड आडवी. हाक सरळ वर गेलीच नाही. कड्यावर आपटली आणि तिथून चौकीत पोचली, अगदी स्पष्ट.

"आलो गं!" म्हणत तो कड्याकडे निघाला. त्याचं उत्तर वाऱ्याने भलतीकडेच नेलं.

तेव्हापासून धुकं उतरलं की मला धास्ती वाटते. माथ्यावरून पश्चिमेकडे जाणारी पावलं ऐकू येतात. गवत मात्र हलत नाही.

ती अजूनही येते, दिराला सोबत घेऊन. परवा खिंडीत बसून म्हणाली, "एवढंच कळायला हवं होतं. माझी हाक ऐकली असेल का ह्यांनी?"

"नाही हो वहिनी. त्या धुक्यात कुठलं ऐकू जातंय?"

"तेच म्हणते मी. ऐकली असती तर आले असते."

मला तिच्याशी बोलता येत नाही, हे बरंच आहे. तुम्हाला येतं, म्हणून हात जोडून सांगतो. ती कधी भेटली, तर तो निघाला होता हे तिला सांगू नका.