न संपणारं पिंप

पाळणेवाल्याच्या घरात नवरा-बायकोचं कशावरही एकमत होत नसे. मीठ किती, खिडकी उघडी की बंद, घड्याळ पुढे की मागे, सगळ्याला दोन मतं. पिंपाबद्दल मात्र दोघंही वादाचा चकार शब्द काढत नसत. त्याच्या शेजारून जाताना आवाज आपोआप खाली यायचा.

तसं पाहिलं तर ते एक लोखंडी ऑइलचं पिंप होतं. छातीइतकं उंच, मैदानाला लागून असलेल्या परसात भर उन्हात उभं. पाळणेवाल्याच्या वडिलांनी मैदानात आकाशपाळणा उभारला त्याच वर्षी त्याच्या डिझेल इंजिनासाठी हे पिंप आणलं होतं. पुढे वडील गेले. जाताना एवढंच म्हणाले, "पिंपाकडे लक्ष ठेव." सुनेकडे लक्ष ठेव असं म्हणाले नाहीत, हे सुनेनं अजून नीट लक्षात ठेवलंय.

आणि हे पिंप संपत नव्हतं. इंजीन म्हातारं, ऑइल प्यायची सवय लागलेलं. दर थोड्या दिवसांनी हातपंप मारून तांब्याभर काढायचं आणि त्याला पाजायचं. तरी काठी बुडवून बघावी तर ऑइल आपलं वरून चार बोटं खाली. वडील गेले तेव्हा चार बोटं. त्यांचं वर्षश्राद्ध झालं तेव्हा चार बोटं. केस पांढरे झाले तरी चार बोटं. एका उन्हाळ्यात तर ते वर चढून तीन बोटांवर आलं. त्या दिवशी पाळणेवाला जेवायलाही आला नाही. संध्याकाळपर्यंत तो काठी हातात धरून परसात नुसता उभा होता.

बायकोची श्रद्धा जास्त कामसू होती. रोज दुपारी पिंपाचा पत्रा तापून हात लावू देईनासा झाला, की ती विहिरीचं गार पाणी आणायची आणि वरून बादली ओतायची. "मामंजींना ऊन सोसत नसे," म्हणायची. मग फडक्यानं अंग पुसता पुसता घरातल्या बातम्या सांगायची. कोण आजारी, कोण भांडलं, कोणाचा जावई कसा निघाला. आणि पिंप उत्तर द्यायचं. टण्ण! कधी एकदा, कधी दोनदा. नवऱ्याची तक्रार केली की हमखास दोनदा.

या घरात पिंपावर शंका घेणारा एकच माणूस होता, तो म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होता, त्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूची मुदत केव्हा संपते ते त्याला ठाऊक असे.

"भाऊजी, ऑइललासुद्धा वय असतं हो," तो दर खेपेला सुरू करायचा. "सीलबंद असेल, सावलीत असेल, तर चार-पाच वर्षं डोळे झाकून वापरा. पुढे त्यात घातलेली औषधं तळाला बसायला लागतात. आणि एकदा उघडलं की संपलं, हवेतली ओल धरतं. हे तर तुमच्या लग्नाआधीचं! उन्हात!"

"इंजीनही लग्नाआधीचंच आहे," पाळणेवाला म्हणायचा. "त्याची तक्रार नाही. तुझी का?"

"इंजीन बोलत नाही म्हणून."

"पिंप बोलतं," ताई आतून ओरडायची. "त्याला विचार!"

शेवटी एकदा मेहुण्यानं ठरवलं, की ही भोंदूगिरी मोडून काढायची. पिंपातून त्यानं स्वतः चार-पाच तांबे ऑइल उपसलं, काठी बुडवून खूण केली, बुचावर दोऱ्याची गाठ मारली आणि गेला. महिन्याभरानं आला. गाठ जशीच्या तशी. काठी बुडवली. ऑइल खुणेच्या वर.

मेहुणा पायरीवर बसला. ताईनं पाणी दिलं, ते प्यायचंही विसरला. "आम्हाला कंपनीच्या माणसानं तीन दिवस शिकवलं," तो हळूच म्हणाला, "पण हे नाही शिकवलं." त्या दिवसापासून पिंपाजवळ येताना तो चपला काढू लागला.

अशी सगळी सुखात असताना तपासणीचा दिवस उजाडला. दरवर्षी तपासनीस साहेब यायचे, चाक फिरवून बघायचे आणि वर्षभराची परवानगी द्यायचे. यंदा त्यांनी आधीच निरोप धाडला होता: इंजीन फार जुनं झालंय. साहेब वर बसलेले असताना ते तासभर न थांबता चाललं तर परवानगी. थांबलं तर चाक कायमचं बंद. भंगारवाला त्या सकाळीच येऊन चाकाच्या सावलीत बसला होता आणि प्रेमानं वर बघत होता.

"इंजिनातलं सगळं ऑइल बदलू," पाळणेवाला म्हणाला. "थेंबभरही जुनं नको. सगळं पिंपातलं."

मेहुण्यानं सावधगिरी म्हणून येताना दुकानातून नव्या डब्यांचं खोकं आणलं होतं. त्यानं ते लाजून बाकाखाली सरकवलं.

इंजिनाचं पोट रिकामं केलं आणि पाळणेवाला पंपाला भिडला. एरवी तांब्याभर काढायचा तो हलक्या हातानं, मान खाली घालून. आज पाहिजे बादलीभर, आणि साहेबांची जीप तर फाटकात आलेली! त्यानं घामाघूम होत दणादण दांडा मारला. नजर जीपवर. बादलीत काय पडतंय ते बघायला डोळे उरलेच नव्हते. मेहुण्याला शेवटी शेवटी धार जरा फिकी वाटली. पण श्रद्धा नवी होती, त्यानं बादलीतलं बरंचसं इंजिनात ओतलं.

तपासनीस साहेब भरदार अंगाचे, आवाज खणखणीत. त्यांना एकच अडचण होती: उंचीची भीती. हे त्यांच्या खात्यात कुणालाच माहीत नव्हतं आणि साऱ्या पाळणेवाल्यांना माहीत होतं. ते पाळण्यात बसले, दांडीला दोन्ही हातांनी मिठी मारली, डोळे मिटले आणि म्हणाले, "करा सुरू. मी बारकाईनं बघतोय."

इंजीन फुक-फुक करत लागलं. चाक फिरलं. एक फेरा, दोन फेरे. पाळणेवाल्याला भरून आलं. तेवढ्यात इंजिनाच्या ऑइलच्या तोंडातून काहीतरी पांढरं डोकावलं. मग फुगलं. मग दुधाळ फेस बदाबदा खाली यायला लागला, घट्ट, फेटलेल्या कॉफीसारखा.

"बंद करा!" मेहुणा किंचाळला. "भाऊजी, बंद! आत पाणी आहे! बेअरिंग जळतील!"

पाळणेवाल्यानं दांडा ओढला. इंजीन थांबलं. ब्रेक लागला. आणि साहेबांचा पाळणा पार टोकाला जाऊन झुलत राहिला.

भंगारवाला उठून कपडे झटकायला लागला.

"काय झालं?" वरून आवाज आला. "का थांबवलं? मी खाली कसा येणार?"

"घाबरू नका साहेब! वजन तुमचं एकट्याचंच आहे. ब्रेक ढिला केला की तुम्ही आपोआप खाली याल!" मेहुणा खालून म्हणाला.

"मग करा ना ढिला! काय मुहूर्त बघताय?"

पण पाळणेवाल्याचं ब्रेककडे लक्षच नव्हतं. तो बादलीत बघत होता. खाली पाणी, वर ऑइल, मध्ये राखाडी साय. वडिलांच्या पिंपातून पाणी?

आणि बायको? तिच्या मनानं घेतलं, की मामंजी रागावले. दुपार झालीच होती. ती गार पाण्याची बादली घेऊन धावली, पिंपावर ओतली आणि फडक्यानं भराभर पुसत माफी मागू लागली. टण्ण!

"अहो बाई!"

हे साहेब. आवाज बदललेला. डोळे उघडे. भीतीनं त्यांना खाली मैदानाकडे बघवेना, म्हणून त्यांनी जरा लांब परसात नजर रोवली होती. आणि पाणी ओतल्यावर पिंपाच्या माथ्याकडे टक लावून बघणारा माणूस आजवर कुणी झालाच नव्हता. पिंपाच्या माथ्याला अंगठ्याएवढा उंच काठ असतो. ओतलेलं पाणी त्याच्या आत ताटात साचावं तसं साचतं. ऊन पडून ते झळाळत होतं, नव्या नाण्यासारखं.

"बाई, ते पाणी कमी होतंय!"

"सांडलं असेल!" पाळणेवाला खालून ओरडला. "साहेब, सोडतो ब्रेक!"

"खबरदार ब्रेकला हात लावलात तर! सांडत नाहीये. मला स्पष्ट दिसतंय. बुचापाशी भोवरा पडलाय, इवलासा. बाई, तुमचं पिंप पाणी पितंय!"

सगळे पिंपाकडे धावले. भंगारवालासुद्धा.

"अजून एक बादली ओता!" साहेब पाळण्यातून अर्धे बाहेर वाकले होते. "ओता, ओता! हां... गेलं! अहो, गेलं की सगळं आत! काय घोट घेतलाय!"

मेहुणा बुचावर वाकला. त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर जात होती. "श्वास," तो म्हणाला. "ताई, ते श्वास घेतं! उन्हानं आतली हवा फुगते, बुचाच्या फटीतून बाहेर जाते. तू गार पाणी ओतलंस की हवा आकसते आणि वर साचलेलं पाणी ओढून घेते. पाणी जड, तळाला जातं. ऑइल हलकं, ते वर उचललं जातं. भाऊजींच्या पंपाची नळी आखूड, म्हणून नेहमी ऑइलच यायचं! आज पाणी नळीच्या तोंडाशी आलं."

"पण नेमकं चार बोटंच कसं रे?" पाळणेवाल्याचा जीव त्यातच अडकला होता.

"तुम्ही जितकं काढाल तितकी आत हवेला जागा. जितकी जागा तितका मोठा श्वास, तितका मोठा घोट. तुमचं तुम्हाला परत मोजून मिळत होतं."

बायको फडकं धरून उभी होती. "म्हणजे मामंजींचं ऑइल केव्हाच संपत आलं होतं," ती म्हणाली, "आणि इतकी वर्षं हे पिंप मीच भरत होते?"

इतका मोठा पराक्रम चुकून करणाऱ्या बाईला काय उत्तर द्यायचं?

ब्रेक ढिला केल्यावर साहेब खाली आले ते सरळ पिंपाकडेच चालू लागले. मेहुण्यानं इंजिनातली ती कॉफी डब्यांत काढून घेतली, बाकाखालच्या खोक्यातलं नवं ऑइल घालून इंजीन खंगाळलं, तेही काढलं आणि मग ताजं भरलं. फार वेळ चाललं नव्हतं म्हणून बेअरिंग वाचली होती. पाळणेवाल्यानं हँडल मारलं. इंजीन लागलं, चाक रिकामंच फिरू लागलं, आणि तो पळत परसात गेला.

तिथं बायको, साहेब आणि भंगारवाला यांनी पिंप आडवं करून ओतायला घेतलं होतं. स्वच्छ गार पाणी येत राहिलं, बादल्यांमागून बादल्या, आणि सगळ्यात शेवटी चुळकाभर सोनेरी ऑइल. पाळणेवाल्यानं ते बोटावर घेतलं, उन्हात धरलं.

"बाई, साबण आहे का?" साहेबांनी विचारलं.

मेहुण्यानं पिंप पुन्हा उभं केलं. पंपाचं तोंड घट्ट बंद केलं आणि बुचाच्या उघड्या भोकावर साबणाच्या पाण्याचा पापुद्रा ओढला. पाचही डोकी वाकली. भंगारवाल्याचं सगळ्यात पुढे. ऊन तापत होतं. पापुद्रा हलला. हळूहळू वर आला, बोरासारखा, मग लिंबासारखा, अंगावर सात रंग फिरवत. बायकोनं पत्र्यावर ओंजळभर पाणी शिंपडलं. फुगा थबकला, बसला, आणि वाटीसारखा आत वळला.

"श्वास घेतंय," ती कुजबुजली.

"रोजच घेत होतं," साहेब म्हणाले. त्यांचे गुडघे चिखलात रुतले होते. "तुम्ही बोलत होतात तेव्हासुद्धा. पुन्हा शिंपडा हो."

तिनं पुन्हा शिंपडलं. फुगा फुटला, दुसरा ओढला. तो फुटला, तिसरा ओढला. फुग्याची बारी कुणाची यावरून साहेब आणि भंगारवाला यांच्यात थोडी बाचाबाचीही झाली. ऊन कलायला लागलं, तेव्हा कुठे साहेबांनी मान वर केली आणि कान टवकारले.

"हा कसला आवाज?"

"इंजीन," पाळणेवाला म्हणाला. "मघाशी लावलं तेव्हापासून चालूच आहे."

साहेबांनी घड्याळ बघितलं. मग चाकाकडे बघितलं. ते संध्याकाळच्या उन्हात शांतपणे फिरत होतं, एकेक रिकामा पाळणा वर नेत.

"दीड तास झाला की हो," ते म्हणाले. "दिली परवानगी. नियमाप्रमाणे मी वर बसलेला असायला हवा होतो, पण ते आपल्या आपल्यात. आता सरका जरा, मला दिसत नाहीये."