जिवंत आतडं

मोठ्या ईदेला आमच्या गल्लीतल्या सगळ्या मेंढ्यांची आतडी माझ्या अंगणात येतात. चाळीस वर्षं हेच चाललंय. पुरुष मेंढा कापतात, सोलतात, आणि मोठा पराक्रम गाजवल्यासारखे कलेजी भाजत बसतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते बायकांचं. कोमट पोट, आतडी परातीत घालून त्या येतात. आतडं बोटावर उलटं कसं करायचं, आत पाणी कसं सोडायचं, मीठ-लिंबानं किती चोळायचं, पोटाचे तुकडे कापून त्यांच्या थैल्या कशा शिवायच्या, आत भात, पाला, कलेजी, चणे किती भरायचे, हे माझ्याइतकं आमच्या कैरवान शहरात कुणाला येत नाही. त्या थैल्या म्हणजे आमचं उस्बान. माझ्या उस्बानचा टाका कधी उसवत नाही. हे मी गर्वानं सांगतेय, कारण मला गर्व आहेच.

यंदा ईदेच्या आधी सहा आठवडे सूसच्या इस्पितळात माझंच पोट फाडलं. अकरा वर्षं शौचावाटे रक्त पडत होतं, मोठं आतडं पार सडलं होतं, ते डॉक्टरांनी काढून टाकलं. लहान आतड्याचं टोक पोटाच्या उजव्या बाजूला भोक पाडून बाहेर काढलं आणि कातडीला शिवलं. आता जे काही खाईन ते तिथून बाहेर येणार, वर चिकटवलेल्या पिशवीत पडणार. कायमचं. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगायला कागदावर चित्र काढायला लागले. मी म्हटलं, "बाळा, राहू दे. आतडं म्हणजे काय ते मला शिकवू नकोस."

मला ठाऊक होतं ते कसं दिसतं. म्हणूनच मला बघायचं नव्हतं.

घरी आल्यापासून एकदाही बघितलं नाही. माझी लेक नेजला सफाक्सहून रजा टाकून आली होती. ती शाळेत शिकवते. पिशवी दिवसातून पाच-सहा वेळा रिकामी करायची, ती मी चाचपडत, वर छताकडे बघत करायचे. पण पोटाला चिकटवायची चकती, जिच्यावर पिशवी बसते, ती तीन-चार दिवसांनी बदलायची असते. ते नेजला करायची. मी उशीत तोंड खुपसून पडायचे, आणि ती माझ्या पोटावर काहीतरी खुडबूड करायची.

पण आमची चकती काही तीन दिवस टिकायची नाही. एक दिवस टिकली तरी खूप. सकाळी दहाला बदलली की संध्याकाळपर्यंत कडेनं पाझरायला लागायची. कपडे, चादर, गादी, सगळं. कातडी जळून लाल झाली होती. वास तर विचारू नका. नेजला चादर गोळा करायची आणि धुवायला न्यायची. ही तीच मुलगी, जी लहानपणी ईदेच्या दिवशी नाक दाबून गच्चीवर जाऊन बसायची आणि आजतागायत जिनं उस्बानचा घास तोंडात घातला नाही. तिला चादर नेताना बघितलं की मला मरून जावंसं वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात मी एक मूर्खपणा केला. मला वाटलं, आतडं आहे, वास मारतंय, म्हणजे नीट धुतलेलं नाही. नेजला बाजारात गेली तशी मी चकती उचकटली, आणि डोळे मिटूनच मीठ आणि लिंबू घेऊन भोवतीनं चोळलं. आतड्याला काही कळलं नाही, पण जळक्या कातडीला लिंबू लागलं आणि माझी किंकाळी मशिदीपर्यंत गेली असेल. नेजला आली, माझ्या हातातलं लिंबू बघितलं, नर्सला फोन लावला. फोनवरची नर्स हसत होती की ओरडत होती, देव जाणे.

"उम्मी, तुला काय वाटलं, तुला शिजवायचंय?" नेजला म्हणाली.

"साधं पाणी, दुसरं काही नाही, असं आधी सांगायचं होतंस ना!"

"दहा वेळा सांगितलं. तू उशीत तोंड घालून होतीस."

मग ती पलंगाच्या कडेला बसली आणि जे इतके दिवस तोंडात धरलं होतं ते बोलली. "ईदेनंतर चौथ्या दिवशी माझी रजा संपते. तू माझ्याबरोबर सफाक्सला येतेस. तुला हे एकटीला जमत नाही, आणि मी तुला असं टाकून जाणार नाही. बस्स."

सफाक्सचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, दोन खोल्यांचं. त्यात ती, जावई आणि त्याची आई. अंगण नाही. एकदा गेले असते तर मी परत आले नसते, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. ज्या बाईला स्वतःच्या पोटाकडे बघवत नाही, तिनं कुठल्या तोंडानं भांडायचं?

शेजाऱ्यांना आम्ही हर्निया सांगितलं होतं.

ईदेच्या सकाळी मी आतल्या खोलीत दार लोटून पडले होते. गल्लीत मेंढे ओरडले, मग गप्प झाले, मग कलेजीचा धूर आला. अंगणात बायका जमल्या. नेजलानं त्यांना सांगितलं, आई उठणार नाही, पण अंगण तुमचंच आहे, बसा. त्या बसल्या. पराती आपटल्या, नळ सुटला, आणि मी पलंगावर पडून ऐकत होते की कुणी पाणी जास्त सोडतंय, कुणाचं आतडं फाटलंय. मला सगळं आवाजावरून कळतं.

तेवढ्यात आमची समोरची शेदलिया आली. तिच्या आवाजाला दार लागत नाही.

"मनूबिया! तुझ्या हर्नियाला सलाम सांग आणि बाहेर ये! माझ्या जावयाचा पराक्रम बघ!"

"काय झालं?" मी आतूनच ओरडले.

"रात्री त्यानं मेंढ्याला जव खायला घातले! ओंजळ भरभरून! म्हणे, बिचाऱ्याची शेवटची रात्र आहे! आता हे आतडं धरावं तिथून येतंय. हात लावला की येतंय. माझ्या नव्या कपड्यांवर आलं, बाई!"

बायका खो खो हसायला लागल्या. माझं मात्र डोकं फिरलं. चाळीस वर्षं घसा फोडून सांगतेय ते ह्यांच्या कानात शिरत नाही.

"हजारदा सांगितलंय!" मी ओरडले. "आदल्या दिवशी दुपारनंतर त्याच्या तोंडात काडीसुद्धा जाऊ द्यायची नाही! पोटात अन्न असलं की आतडं थांबत नाही, कितीही धुवा! उपाशी असलं की गप्प पडून राहतं, तेव्हाच त्याला—"

आणि मी बोलायची थांबले.

नेजला उशिरा उठणारी. उठायची, माझ्यासाठी लापशी करायची, मला पोटभर खायला घालायची, आणि मग दहा वाजता चकती बदलायला बसायची. भरल्या पोटी. तिनं कातडी पुसली की वरून येत असणार, पुसली की येत असणार, आणि ओल्या कातडीवर ती चकती दाबून बसवत असणार. ती कशी चिकटेल? इस्पितळातही नर्स चकती बदलायला सकाळी सकाळी, न्याहारीच्या आधी यायची. ते तिच्या सोयीचं असेल असं मला वाटलं होतं. चाळीस वर्षं मेंढ्यांच्या बाबतीत जे मी गल्लीला शिकवलं ते माझ्या स्वतःच्या पोटाबद्दल माझ्या डोक्यात आलं नाही, कारण मी त्याला आतडं मानायलाच तयार नव्हते. घाण म्हणत होते.

"मनूबिया? मेलीस की काय?" बाहेरून शेदलिया.

"जिवंत आहे," मी म्हटलं. "टोकाला गाठ मार आणि दुसऱ्या बाजूनं रिकामं कर. आणि जावयाला म्हणावं, कपडे तू धू."

त्या संध्याकाळी मी लवकर आणि थोडंसं जेवले. दुसऱ्या दिवशी पहाटेची अजान झाली, नेजला झोपलेली होती. मी पाण्याचं भांडं, नवी चकती, कात्री घेतली, खिडकीजवळ बसले, आरसा मांडीवर धरला, आणि जुनी चकती कडेनं हळूहळू सोडवली.

मग बघितलं.

मला वाटलं होतं राखाडी असेल. मी आयुष्यात बघितलेलं प्रत्येक आतडं राखाडी, पांढुरकं, लिबलिबीत होतं. हे लाल होतं. ओलं, चकचकीत, तान्ह्या मुलाच्या जिभेसारखं लाल. बोटाच्या दोन पेरांएवढं बाहेर आलेलं, टोकाला छोटंसं तोंड. मी बोट लावलं. बोटाला ऊब कळली, पण त्याला माझं बोट कळलं नाही, काहीच दुखलं नाही. माझं असूनही ते मला ओळखत नव्हतं.

आणि मग ते हललं.

मी काही केलं नव्हतं. श्वाससुद्धा रोखला होता. ते आपलं आपण जरासं आत गेलं, थांबलं, आणि पुन्हा बाहेर आलं. मग तळापासून टोकापर्यंत एक बारीकशी लाट गेली. मग पुन्हा. परातीत एखादं कोमट आतडं कधीमधी फडफडल्याचं मी बघितलंय, दर वेळी बिस्मिल्ला म्हणून मान फिरवलीय. पण ते संपत आलेलं असायचं. हे संपत आलेलं नव्हतं. हे कामाला लागलेलं होतं. आत काही नव्हतं तरी बघत होतं, काही आलंय का.

एकसष्ट वर्षं. माझ्या लग्नात मी रडत होते तेव्हा हे चालू होतं. नेजला पोटात होती तेव्हा तिच्या शेजारी चालू होतं. नवरा गेला त्या दिवशी मी घास घेतला नाही, तरी ह्यानं वाट बघितली असणार. अंधारात, कुणी न सांगता, कुणी न बघता. हजारो आतडी माझ्या हातांखालून गेली आणि आतडं म्हणजे काय ते मला त्या पहाटे कळलं. मी आरसा धरून बसले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते दुःखाचं नव्हतं. एवढं मोठं काहीतरी माझ्या पोटात राहत होतं, आणि मी त्याला लिंबू चोळलं.

"माफ कर," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं.

ते उपाशी होतं, गप्प होतं. मी पाण्यानं कातडी धुतली, टिपून कोरडी केली. एक ठिपकासुद्धा वरून आला नाही. मग मी इस्पितळातून दिलेलं कागदाचं माप त्याच्यावर धरलं, आणि मला हसू आलं. ते माप ऑपरेशनच्या आठवड्यातलं, सुजेच्या वेळचं. सूज केव्हाच उतरली होती. भोवती माझं करंगळीभर कातडं उघडं पडत होतं, आणि नेजला रोज त्याच मापानं भोक कापत होती. मी ते माप फेकून दिलं. डोळ्यांनी अंदाज घेतला, कात्री चालवली, कड बोटानं गुळगुळीत केली आणि चकती बसवली. दोन्ही तळवे वर ठेवून ऊब दिली. त्याच्यावर हात ठेवून मी सूर्य वर येईपर्यंत बसले.

त्या दिवशी चादर कोरडी राहिली. तिसऱ्या दिवशीही. नेजला संशयानं येऊन वास घ्यायची, हात लावून बघायची. चौथ्या दिवशी सकाळी तिची गाडी होती. माझे कपडे तिनं भरून ठेवले होते. मी तिला पहाटेच हलवून उठवलं.

"ऊठ. तू बघायचं, हात लावायचा नाही."

ती दारापाशी उभी राहिली. मी चकती काढली, धुतलं, टिपलं. मधेच त्याला लहर आली, थोडंसं पाणी आलं. मी थांबले. "आटप तुझं," म्हटलं त्याला. त्याचं झाल्यावर पुन्हा टिपलं आणि नवी चकती हातात घेतली.

"उम्मी," नेजला म्हणाली. "थांब. लावू नकोस अजून."

"का? चुकलं काही?"

"मी ते कधी बघितलंच नाही." ती रडत होती. "इतके आठवडे मी बाजूला तोंड करून पुसत होते. तुला वाटायचं मी बघतेय. मला भीती वाटायची. म्हणून तर चकती नीट बसायची नाही."

मी तिला हाक मारली. ती आली, माझ्यासमोर फरशीवर गुडघे टेकून बसली, आणि हळूच मान वर केली. खिडकीतून ऊन आलं होतं. ते आत गेलं, बाहेर आलं, आणि तळापासून टोकापर्यंत त्याची लाट गेली.

"सुभानल्ला," नेजला म्हणाली. आम्ही दोघी बघत राहिलो.

मग तिनं डोळे पुसले, उठून माझे कपडे कपाटात परत ठेवले, आणि नऊच्या गाडीनं एकटी सफाक्सला गेली.