पुसलेली पानं

पस्तीस वर्षं इस्पितळात स्वच्छता निरीक्षक म्हणून सगळ्यांच्या नाकी नऊ आणलेला माणूस निवृत्त झाला, की घरच्यांची काही धडगत नसते. इथे घरचे वाचले, कारण आजोबांची वक्रदृष्टी बागेकडे वळली. आठ वर्षांची नात सुट्टीत येणार होती. "फुलपाखरं असतील तर महिनाभर राहीन, नाहीतर आईबरोबर परत," असं तिने फोनवर बजावलं होतं. झालं! आजोबांनी कंबर कसली.

देशी फुलझाडं लावली, लिंबू लावलं. पाखरांसाठी पसरट भांड्यात पाणी ठेवलं, रानटी मधमाश्यांना घर म्हणून भोकं पाडलेला ओंडका टांगला. मग खोड कुठे जाते? ओंडक्याला जंतुनाशक चोपडलं, भांडं दिवसातून तीनदा पावडरीने घासलं, जमिनीवर एक वाळकं पान टिकू दिलं नाही. साधी माशीसुद्धा फिरकली नाही.

आणि कुंपणापलीकडे त्या शेजारीणबाई! बाईंनी वर्षभरात झाडू हातात धरला असेल तर शपथ. पालापाचोळा, फुटकी कुंडी, माजलेलं गवत, वेडंवाकडं वाढलेलं लिंबू, आणि त्या उकिरड्यावर फुलपाखरांची ही झुंबड. "घाणीची सवय, दुसरं काय!" आजोबा फुलपाखरांवरही डाफरत.

आजोबांच्या लिंबावर पाखरं तरी येत असावीत. रोज सकाळी चार-पाच पानांवर काळी-पांढरी शीट दिसायची. आजोबा साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पान न् पान पुसत. पाखरू मात्र एकही दिसेना. चोरून येतात लेकाची, असं ते म्हणायचे.

नात आली. दोन दिवस बागेत बसून बसून तिचं तोंड एवढंसं झालं. तिसऱ्या दिवशी ती बॅग भरायला लागली, तेव्हा मात्र आजोबा धावत आले. "अगं, थांब! बाग कशी लख्ख आहे ते तरी बघ," म्हणत त्यांनी तिला लिंबापाशी नेलं आणि एका पानावरून फडकं फिरवून दाखवलं. "ही असली घाण! एक राहू देत नाही मी."

फडक्यावरची घाण हलली. तिने डोकं वर केलं आणि इवलीशी दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली.

नात किंचाळलीच. "आजोबा, ही अळी आहे! हिचंच फुलपाखरू होतं! पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून ती शिटेसारखी दिसते. शाळेत आम्ही बरणीत वाढवली होती." मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "तुम्ही रोज पुसता?"

आजोबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन महिने, रोज, साबण लावून. अख्ख्या इस्पितळाला धाक दाखवणाऱ्या माणसाला ते फडकं कुठे लपवावं ते कळेना.

नातीने एक पान तोडून अळीला अलगद त्यावर घेतलं. कुंपणापाशी जाऊन ती चवड्यांवर उभी राहिली आणि तिने हाक मारली, "शेजारच्या आजी, हिला तुमच्या झाडावर ठेवाल का? आमच्याकडे आजोबा आहेत."