सावरायला लागलेलं वर्ष

बाईंचा नवरा आठवड्यातून चार-पाच वेळा तरी मरायचा, आणि दर वेळी कुणा वेगळ्याच मुलीचा नवरा म्हणून.

टायरच्या दुकानावरच्या खोलीत बाई नर्सेसना तोंडी परीक्षेपुरतं इंग्रजी शिकवत. परीक्षेत एक कार्ड उचलायचं आणि त्यावरचा शब्दप्रयोग घेऊन दोन मिनिटं बोलायचं. 'गेट ओव्हर'चं कार्ड तर हमखास यायचं. त्यासाठी बाईंनी फार पूर्वी स्वतःवरूनच एक नमुना उत्तर लिहून दिलं होतं: माझे पती अचानक गेले, आणि त्यातून सावरायला मला एक वर्ष लागलं. या उत्तराला कायम चांगले मार्क पडत. मग काय, येणारी प्रत्येक बॅच ते घोकून जाई. ज्यांच्या लग्नाचा अजून पत्ता नाही अशा मुली घडाघडा नवऱ्याला पोचवून येत. एका चुणचुणीत मुलीला परीक्षकाने वय विचारलं, तर तिने ते खरं सांगितलं आणि वर आता दुसरं लग्न ठरतंय असंही ठोकून दिलं. पास झाली बया.

बाई मात्र ऐकून ऐकून थकल्या होत्या. फळ्यावर तो शब्द लिहायचा आणि खाली त्याचे भाऊबंद मांडायचे: सावरणं, बाहेर पडणं, पचवणं, मागे टाकणं, बरं होणं. सर्दी झाली तरी तोच शब्द आणि माणूस गेलं तरी तोच, इंग्रजीत एवढी काटकसर का, असं कुणीतरी विचारायचंच. त्यावर मुली हसायच्या, बाईही सवयीने हसायच्या. घरी जाऊन भात टाकायचं त्राणसुद्धा उरायचं नाही.

या बॅचला एक वयाने मोठी नर्स होती. मुली तिला सिस्टरच म्हणत, म्हणून बाईही म्हणू लागल्या. वॉर्डात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण इंग्रजीच्या परीक्षेत ती दोनदा आपटली होती. आता तिसरी आणि शेवटची खेप. या वेळी गाडी अडली तर तिला पेशंटपासून काढून धुतलेल्या चादरींच्या स्टोअरला टाकणार होते. तसं तोंडावर सांगितलं होतं. मेट्रन म्हणाली, काम तेवढंच आहे, उलट आराम आहे. सिस्टरला आराम नको होता.

बाकी सगळ्या कार्डांवर ती बरी बोलायची. अडखळायची, पण रेटून न्यायची. 'गेट ओव्हर' आलं की मात्र 'माझे पती अचानक गेले' एवढं म्हणून गप्प. बाईंना आधी वाटलं पाठांतर कच्चं आहे. मग वाटलं, सिस्टर हट्टी आहे. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बाकीच्या गेल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं आणि जरा चिडूनच सांगितलं, की एवढ्या एका वाक्यापायी वॉर्ड घालवणार आहात का? चार शब्द आहेत, डोळे मिटून म्हणून टाका.

सिस्टर पर्सच्या चेनशी चाळा करत बसली. तिचा नवरा खरंच गेला होता, पुढच्या महिन्यात वर्ष होणार होतं. तिने हे क्लासमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी कसं? तिथे तर सगळ्याच विधवा.

"बाई, एक विचारू? तुम्हाला एका वर्षात कसं जमलं?" ती म्हणाली. "मी वाट बघतेय हो. आता महिनाच राहिलाय आणि माझं काहीच पुढे सरकलेलं नाही. सलाइन लावताना मध्येच हात थांबतो. वाटतं, माझ्यातच काहीतरी कमी आहे."

आपल्या एका नमुना उत्तरावर कुणी आयुष्याचा हिशेब लावून बसेल, हे बाईंच्या डोक्यातही आलं नव्हतं. वेळ मारून नेणं सोपं होतं. उद्या परीक्षा होती.

"ते मी लिहिलं तेव्हा हे जाऊन दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते," बाई म्हणाल्या. "क्लासच्या सरांना उत्तर हवं होतं, माझ्या डोक्यात दुसरं काही येत नव्हतं. कालावधी सांगितला की मार्क वाढतात, म्हणून वर्ष घातलं."

"मग खरं किती लागलं?"

"दुकानात मी अजून त्यांच्या मापाचे मोजे उचलते आणि परत ठेवते. आज सकाळी तर भांडले त्यांच्याशी. गॅसची कागदपत्रं कुठे ठेवलीत ते न सांगताच गेले."

सिस्टरला हसू फुटलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली. बाईंनी तिला रडू दिलं. त्यांनाही रडावंसं वाटत होतं, पण अंगात तेवढा जोर नव्हता. थोड्या वेळाने सिस्टरने नाक पुसलं, पाठ ताठ केली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सुरुवात केली: माझे पती गेले. वर्ष होत आलं. मी कामावर जाते, जेवते, हसतेसुद्धा. पण मी सावरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी कार्ड तेच निघालं. सिस्टर तेच बोलली, आणि व्याकरणाच्या दोन चुका करूनही बॅचमध्ये पहिली आली.

क्लासचे सर खुशीत वर आले. जुनं उत्तर आता परीक्षकांना पाठ झालंय, ते काढून सिस्टरचं टाकू या, तुम्ही फक्त व्याकरण नीट करून द्या, म्हणाले. बाई फळा पुसत होत्या.

"ते मिळणार नाही, सर."

"अहो मॅडम, स्वतःचं दिलंत की इतकी वर्षं."

"ते खोटं होतं, म्हणून देता आलं," बाई म्हणाल्या, आणि नव्या बॅचसाठी सर्दीचं वाक्य लिहायला घेतलं.