खुंटीला बांधलेली दोरी

दमले हो मित्रांनो! मी एक जुनी दोरी आहे. रंग लाल होता म्हणतात, आता विचारू नका. न्हाणीघराच्या छतापासून थेट फरशीपर्यंत मी लोंबकळते. मला ओढलं की तळमजल्यावर घंटा वाजते आणि मदतनीस ताई धावत वर येते. आमच्या इमारतीत एकटी, आजारी, थकलेली माणसं राहतात. भाडं त्यांना झेपेल एवढंच, आणि त्या भाड्यातच ताईची मदतही.

माझ्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या आजी आल्या. त्यांनी मला नुसतं ओढ ओढ ओढलं! डबीचं झाकण निघेना, ओढ. सुईत दोरा जाईना, ओढ. कधी कधी तर काहीच कारण नसायचं. माझा जीव मेटाकुटीला आला आणि ताईचाही. एकदा धापा टाकत ती म्हणाली, "आजी, अहो, जिवावर बेतलं तरच ओढायची ही. मी एकटी कुठं कुठं पुरी पडू?"

ताई गेल्यावर आजींनी मला गुंडाळून टॉवेलच्या खुंटीला गाठ मारली. "नको बाई कुणाला त्रास," एवढंच पुटपुटल्या. जन्मभर सुईदोरा धरलेले हात ते, गाठ सुटते कसली! ओढाओढीतून मी सुटले, ताईही सुटली.

मग एका सकाळी आजी ओल्या फरशीवर घसरल्या. उठता येईना. त्यांचा हात भिंतीवर मला चाचपत राहिला आणि मी वर खुंटीवर. मला ना हात, ना तोंड. नुसतं बघत राहणं फार वाईट असतं. दुपारी ताई गोळ्या द्यायला आली, तेव्हा कुठे दार उघडलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. आजी या खोलीत परत येतील की नाही, कुणालाच सांगता येईना. पण आल्या, काठी टेकत टेकत. ताईनं नखं मोडेपर्यंत ती गाठ सोडवली आणि डोळे पुसत म्हणाली, "माझं चुकलं, आजी. हवं तेव्हा ओढा."

"तू दमली होतीस गं. माणूस दमायचंच," आजी म्हणाल्या.

तरीही त्यांनी मला पुन्हा हात लावलेला नाही. आता ताईच रोज वर येते.

"मी कुठं बोलावलं तुला?" आजी विचारतात.

"बोलावलं नाहीत, म्हणूनच आले."

मित्रांनो, माझे धागे विरलेत, आज ना उद्या मी तुटेन. पण माझ्यासारखी दोरी कुठे दिसली तर ती वर बांधू नका, फरशीपर्यंत मोकळी सोडा. आणि सारखं हाक मारणारं माणूस एकदम गप्प झालं, तर सुटलो म्हणू नका. जाऊन बघा.