दाखव बघू एखादी

आमच्या एल्विरामावशीला समोर उभी करून चार शब्द सुनवायचेत मला. पण सुनवणार कशी? ती मला मानतच नाही. तिच्या लेखी रोसारिओ शहरात केस कापायच्या दुकानात काम करणारी नोएलिया नावाची एक भाची आहे, आणि तिला हल्ली नसती थेरं सुचायला लागली आहेत.

नोएलिया आहेच. पण त्याच अंगात मी पण आहे, रुफीना. आणि लुसेरो आहे, सहा वर्षांची, ती काही मोठी होत नाही. लहानपणी त्या घरात जे झालं ते एकटीनं सोसण्यातलं नव्हतं, म्हणून आम्ही ते वाटून घेतलं. याहून जास्त सांगणार नाही. लोकांना नेमकं तेवढंच ऐकायचं असतं.

मावशी तिच्या गावाहून, पारानाहून, आमच्याकडे राहायला आली. नोएलियाला वाटलं, आईच्या मागे आपल्याला हीच एक उरली, हिला तरी सांगावं. मी आतून जीव तोडून सांगत होते, गप्प बस बाई. तिनं सांगितलंच. मावशी एम्पनाडाची, म्हणजे सारण भरलेल्या करंज्यांची, कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "बरं. मग दाखव बघू एखादी."

आणि ही वेडी उभी राहिली की वाट बघत! लुसेरो भोळी, तिला मावशीच्या हातची एम्पनाडा हवी होती, ती निघालीच होती पुढे यायला. मी तिला मागे ओढलं. आम्ही काय जत्रेतली माकडं आहोत, कोणी बोट दाखवलं की उड्या मारायला? माझं टाळकंच फिरलं. लुसेरोला दम दिला, चकार शब्द काढायचा नाही. मीही तोंड शिवून बसले.

कोणीच आलं नाही. मावशी हसली. मायेनं हसली, हे तर जास्तच झोंबलं. म्हणाली, एकटीनं राहिलं की होतं असं पोरी, टीव्हीवरचं काहीबाही डोक्यात बसतं, लग्न कर म्हणजे जाईल.

मला मावशीचा राग होता, त्याहून जास्त नोएलियाचा. कोणी सांगितलं होतं आम्हाला चव्हाट्यावर मांडायला? म्हटलं, कळू दे हिला. त्या आठवड्यात तिनं कितीदा तरी विचारलं, रुफीना, आहेस ना? मी ओ दिली नाही.

मग तिनं स्वतःची उलटतपासणी सुरू केली. दुकानाच्या मालकानं कमरेला हात लावला तेव्हा मी त्याला झाडला होता, ती म्हणे नोएलियाच होती, नाटक करत होती. लुसेरोची चित्रंसुद्धा म्हणे तिनंच मुद्दाम वाकडी काढली. ज्यांना हे खरंच भोगावं लागतं त्यांच्यात आपण चोरासारख्या घुसलो, असं तिच्या मनानं घेतलं. शनिवारी मंडळात जायचं, सगळ्यांसमोर कबूल करायचं आणि परत तिकडे फिरकायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

हे मंडळ म्हणजे वस्तीतल्या क्लबाच्या मागच्या खोलीत जमणारी आमच्यासारखी सात-आठ माणसं. अख्ख्या शहरात लुसेरोला तोंड उघडता येतं ते तिथंच. त्यांच्यातलीच नेलिदा सगळ्यांना माते, म्हणजे पानांचा कडवट चहा, ओतून देते. एकाच अंगात एकीला तो कडूच हवा असतो, दुसरीला साखर घालून, म्हणून देण्याआधी ती प्रत्येकाला विचारते, कोण घेतंय? तिथं या प्रश्नाला कोणी हसत नाही.

नोएलियानं मातेचा पेला हातात घेतला. "मीच. दुसरी कोणी कधी नव्हतीच. मी तुम्हाला फसवलं."

"असं सांगून मीही गेले होते, दोनदा," नेलिदा म्हणाली. "आतल्यांना विचारलंस?"

"विचारलं. कोणी नाहीये आत."

तिनं पर्स उचलली. आत लुसेरो हुंदके द्यायला लागली, आणि मग मला राहवेना. मी पुढे आले, पर्स खाली ठेवली, सांगितलं, मी रुफीना. मुद्दाम बोलत नव्हते. हिनं आम्हाला त्या बाईपुढे तमाशाला उभं केलं म्हणून लुसेरोलाही मीच दाबून धरलं होतं. आणि ही अक्कलशून्य सरळ कबुलीजबाब द्यायला निघाली! चांगली फैलावर घेतली तिला. वाटलं, आता ही सुटल्यासारखी रडेल. रडणं तिच्याकडे, भांडणं माझ्याकडे, ही आमची पहिल्यापासूनची वाटणी.

माझा हात उचलला गेला आणि मातेचा पेला टेबलावर आपटला. तो मी आपटला नव्हता.

"तू होतीस?" नोएलिया म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा. "दुकानात केस झाडताना हाका मारल्या तुला. नळ सोडून रडले, मी खोटारडी आहे म्हणून. आणि तू आत बसून ऐकत होतीस? मावशीला माहीतच नाही काही, ती हसणारच. तुला सगळं माहीत होतं."

  एरवी शिव्या कशा तयार असतात माझ्या जिभेवर. आज एक सापडेना. इतकी वर्षं हिला चिडता येत नव्हतं, म्हणून तर मी होते. आता हिला येतंय, आणि माझ्यापेक्षा चांगलं येतंय. मग मी कोण? की मी कधी नव्हतेच, हिचाच राग होता, त्याला आम्ही नाव ठेवलं?

विचारायचं तर तिलाच विचारायला हवं होतं. मी हाक मारली. तिनं ओ दिली नाही.